साखरेचं नाव गाळणाऱ्यांस

शुगर रिसर्च फाउंडेशन यांस,

पत्राचा मायना मुद्दाम गाळला आहे. मानाने हाक मारावी असं तुमच्या जुन्या कागदपत्रांत मला काही सापडलं नाही. १९६८ मध्ये तुम्ही नावात ‘इंटरनॅशनल’ जोडलंत, पुढे संस्था बदलल्या, माणसं गेली. अमेरिकेतल्या साखर उद्योगाचा पैसा आणि साखरेचा खप वाढवण्याचा हेतू, एवढी तुमची ओळख मला पुरते.

१९५४ मध्ये तुमचे अध्यक्ष हेन्री हास यांनी बीटसाखरेच्या तंत्रज्ञांपुढे भाषण केलं. अमेरिकन माणसाने जेवणातली चरबी कमी केली तर ती जागा साखरेने भरता येईल आणि साखरेचा दरडोई खप एक तृतीयांशाहून जास्त वाढेल, असा हिशेब त्यांनी मांडला. हृदयविकाराने माणसं मरत होती आणि तुम्हाला त्यात ताटात रिकामी होणारी जागा दिसली.

पण लवकरच साखरेवरही बोट रोखलं जाऊ लागलं. लंडनमधले पोषणशास्त्रज्ञ जॉन युडकिन सांगत होते की हृदयविकारात साखरेचा हात असावा. जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने अशा संशोधनाला पानभर जागा दिली आणि दोनच दिवसांनी तुम्ही ‘प्रकल्प २२६’ मंजूर केलात. काम हार्वर्डच्या पोषणशास्त्रज्ञांना दिलंत, मोबदला साडेसहा हजार डॉलर. तुमचे संशोधन संचालक जॉन हिक्सन यांनी लेख पुरवले, उद्देश सांगितला, मसुदे मागवले. उशीर का होतोय असं विचारल्यावर त्या हार्वर्डवाल्यांपैकी मार्क हेगस्टेड यांनी कळवलं की साखरेविरुद्ध पुरावा मांडणारा आयोवाचा गट नवा निबंध छापतो, की त्याचं खंडन करायला आम्हाला एक भाग पुन्हा लिहावा लागतो. पुरावा वाढतोय म्हणून उत्तर लांबतंय! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

१९६७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो आढावा दोन भागांत आला. साखरेवर ठपका ठेवणाऱ्या अभ्यासांसाठी चाळणी बारीक, चरबीवर ठपका ठेवणाऱ्यांसाठी भोकं मोठी. निष्कर्ष असा, की हृदय वाचवायचं तर कोलेस्टेरॉल कमी करा आणि संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त घ्या. तुमचं नाव लेखात कुठेच नव्हतं. ते जगाला कळायला २०१६ साल उजाडलं, तेही क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य बाईंनी जुनी दप्तरं उपसली म्हणून.

पैसे कुणी दिले हे छापायची तेव्हा सक्ती नव्हती, असं तुमच्या बाजूने सांगितलं जातं. खरं आहे, त्या नियतकालिकाने ती १९८४ मध्ये आणली. हेगस्टेड यांचं चरबीविषयीचं मत प्रामाणिक असेल, हेही मानते. मग आपलं मत मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचा मसुदा साखरवाल्यांच्या टेबलावर कशाला हवा होता?

संपृक्त चरबी निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ती दोन वर्षं तरी कमी केलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसले. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही. सगळी मेख तिच्या जागी काय येतं यात आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये स्पष्ट लिहिलं: असंपृक्त तेल आलं तर फायदा, मैदा आणि साखर आली तर नाही. तुम्हाला १९५४ पासून नेमकी तीच जागा हवी होती.

आमच्या घरापुरतं सांगते. ऐंशीच्या दशकात माझ्या वडिलांना, अण्णांना, छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी तूप बंद केलं. आई वरणभातावर तुपाची धार धरायची, ती थांबली. पुरणपोळीही कोरडी. पण दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा आणि सोबत बिस्किटं, यांच्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. दहा वर्षांनी अण्णांना मधुमेह निघाला. त्याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. एका माणसाच्या आजाराला कारणं अनेक असतात. डॉक्टरांनाही बोल लावत नाही, त्यांनी पुस्तकात होतं ते सांगितलं. राग आहे तो पुस्तकात काय यावं हे विकत घेणाऱ्यांचा. आमच्याकडे मधुमेह झालेला माणूस म्हणतो, ‘मला शुगर आहे.’ अण्णाही तसंच म्हणायचे, आणि चहाचा कप पुढे करायचे.

आता काटा उलट्या टोकाला गेलाय. मागे आपल्याला फसवलं होतं हे कळल्यावर लोक कुणाचंच ऐकेनात. माझा भाचा कॉफीत लोण्याचा गोळा टाकतो, भाकरी-पोळी सोडून पनीर आणि अंड्यांवर राहतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढल्याचा रिपोर्ट दाखवला तर म्हणतो, ‘आत्या, कोलेस्टेरॉल ही सगळी कंपन्यांची बनवाबनवी आहे.’ कमी कर्बोदकांचा आहार खुळचट नाही. भारतीयांच्या जेवणातले ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असं आयसीएमआरच्या पाहणीत आढळलं आहे. भात आणि साखर कमी केल्याने पुष्कळांची रक्तशर्करा उतरते, हे मी पाहिलं आहे. पण भाच्याला ‘एलडीएलकडे लक्ष दे’ म्हणून समजावायला गेले की तो तुमच्या साडेसहा हजार डॉलरांची गोष्ट माझ्या तोंडावर फेकतो. खरी गोष्ट आहे ती. मी काय उत्तर देऊ? खऱ्या सल्ल्यावरचाही विश्वास उडवलात, तुमच्या पापांतलं हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

आणखी एक दप्तर आहे. ‘प्रकल्प २५९’: इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये उंदरांना साखर खाऊ घालून केलेले प्रयोग. साखरेचा संबंध रक्तातल्या चरबीशी आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशी असू शकेल अशी चिन्हं दिसू लागली, संशोधकाने थोडी मुदत मागितली आणि १९७० मध्ये तुम्ही पैसा थांबवलात. निष्कर्ष छापलेच गेले नाहीत. २०१७ मध्ये तीही दप्तरं दुसऱ्यांनीच शोधली.

दोन्ही वेळा कागद बाहेरच्यांनी शोधून काढले. तुमच्या वारसांच्या कपाटात अजून जे असेल, ते या खेपेला तुम्ही स्वतः बाहेर काढा. त्या उंदरांपासून सुरुवात करा.

एका मधुमेह्याची मुलगी