चाकांवरील घराचा जमाखर्च

दिघीत वाहन बंद पडले की ते मालकाचे राहत नाही. एका अंगास भोसरीची औद्योगिक वसाहत, पलीकडे चाकणचे कारखाने, टेकडीवर सैनिकांच्या मुलांचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेजारी लष्करासाठी पूल घडविणारी संशोधन संस्था, अशी चतुःसीमा ज्या वस्तीस लाभली आहे, तिच्यात यंत्रविद्येवर अधिकारवाणीने न बोलणारा गृहस्थ शोधून सापडावयाचा नाही. आणि कोषागारात जमाखर्च तपासण्यात हयात घालवलेला माझ्यासारखा एखादा निघालाच, तर त्याने अशा प्रसंगी मुकाट्याने विजेरी धरून उभे राहावे, ही येथील वहिवाट आहे.

आमचे मेहुणे चाकणच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्यांच्या मनात ज्या वानप्रस्थाश्रमाची तजवीज चालली होती, तो पायी नसून डिझेलवर चालणारा होता. त्यांनी एक जुनी प्रवासी गाडी घेतली, आसने उपटून तीत पलंग, ओटा, पंखा व शीतकपाट बसविले, आणि अखेरीस तिला असा काही रंग दिला की दत्तगडावरून खाली पाहणाऱ्यास आमच्या सोसायटीचे आवार प्रथम त्या गाडीमुळे ओळखू यावे. वास्तविक चाकांवरचा संसार दिघीस नवा नाही. ज्येष्ठ वद्य नवमीस माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास निघते ती आमच्याच रस्त्याने, आणि दिंड्यांच्या ट्रकांत तंबू, शेगड्या, धान्याची पोती व पाण्याची पिंपे असा पंढरपूरपर्यंत पुरणारा प्रपंच असतो. परंतु त्या प्रपंचास शीतकपाट लागत नाही, आणि सर्व अनर्थाचे मूळ शीतकपाटातच आहे, असे मेहुण्यांच्या सौभाग्यवतींचे पहिल्यापासूनचे मत होते.

अनर्थ असा की, इंजिन एका सेल्फला सुरू होई. मात्र मुक्कामी पोचून अंथरूण टाकावे तो दिवे मंदावत, पंखा शेवटचे काही फेरे औदासीन्याने घेई आणि शीतकपाटातील दुधाचे मध्यरात्रीपर्यंत दही होई. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे ज्ञान मला तेव्हा झाले. एक इंजिनाची, जिने क्षणभर प्रचंड शक्ती द्यावी आणि उरलेला वेळ स्वस्थ बसावे. दुसरी घराची, जिने रात्रभर थोडे थोडे देत राहावे. गाडी धावू लागली की अल्टरनेटर, ज्यास आमचे मेकॅनिक अद्याप डायनामोच म्हणतात, प्रथम पहिलीचे पोट भरतो आणि मग एक रिले दरवाजा उघडून दुसरीकडे प्रवाह सोडतो. थोडक्यात, सरकारी खजिन्याचाच हा कारभार होता, आणि दुसऱ्या खात्यात रक्कम रुजू होत नव्हती.

मेहुण्यांनी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही बसली. विक्रेत्याने, ज्याचे नाव घेणे मला प्रशस्त वाटत नाही, तीत एक सेल गेल्याचा निर्वाळा देऊन तिच्याहून मोठी बॅटरी खपविली. आणि १८५९ साली फ्रान्समध्ये प्लांते नावाच्या गृहस्थाने शिसे व आम्ल यांचा जो विवाह लावून दिला, त्याची कटू फळे आपल्यालाच का भोगावी लागतात, असा मेहुण्यांचा चेहरा झाला.

यानंतर आवारात जी सभा भरली तीत प्रत्येकाने आपापल्या खात्याची कैफियत मांडली. असेंब्ली लाइनवरचे शेजारी म्हणाले, सगळे नट आवळा. स्टोअर्समधून निवृत्त झालेल्यांनी रिले, फ्यूज व वायरिंग ओळीने बदलण्याची शिफारस केली, कारण वस्तू बदलण्यापूर्वी तिचा अपराध सिद्ध व्हावा लागतो ही कल्पनाच त्यांच्या खात्यास मान्य नाही. प्रेस शॉपचे एक तरुण गृहस्थ दिवसपाळीहून घरी जाता जाता थांबले आणि पत्रा वाजवून पाहून निघून गेले. परंतु खरी बहार क्वालिटीच्या साहेबांनी केली. कोणत्याही दोषाचे मूळ पाच वेळा ‘का’ विचारल्याने सापडते, अशी त्यांच्या कारखान्याची शिकवण. दिवे का गेले? बॅटरी उतरली. ती का उतरली? शीतकपाट चालले. ते का चालले? गाडीत बसविले म्हणून. गाडी का घेतली? मेहुणे निवृत्त झाले म्हणून. पाचवा ‘का’ विचारण्याचे धैर्य सभेत कोणासही झाले नाही; मूळ कारण हाती आले असे जाहीर करून साहेबांनी वही मिटली.

तेवढ्यात बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले आमचे सुभेदारसाहेब मल्टीमीटर घेऊन आले. मी आयुष्यात बरेच तज्ज्ञ पाहिले. बोलण्यापूर्वी मोजणारा मनुष्य विरळा.

“राव, इंजिन चालू करा,” ते म्हणाले. इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट आले. अर्थात डायनामो निर्दोष. रिलेच्या पलीकडे, घराच्या बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर गाडीच्या सांगाड्याच्या हिशेबाने पुन्हा १४.२, रिलेही सुटला. मग दोन्ही काड्या घराच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टेकविल्या, तो ११.९! भरलेली बॅटरी स्वस्थ असता १२.७ दाखविते आणि १२.२ ला ती अर्धी रिती झालेली असते, असे त्यांनी सांगितले. ही तर इंजिन गरजत असताना उपाशी होती. पाठवलेली रक्कम १४.२, जमा ११.९, तफावत २.३. कोषागारात एवढ्यावर पंचनामा झाला असता, आणि खरे सांगावयाचे तर विजेरी धरलेला माझा हात त्या आकड्याने प्रथमच उत्साहाने थरथरला.

सुभेदारसाहेबांनी एक काडी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरी गाडीच्या सांगाड्यावर ठेविली. जेथे शून्याच्या आसपास आकडा असावयाचा, तेथे २.३ उमटले. “अर्थिंग खाल्लंय,” ते म्हणाले, आणि अर्थिंगची तार जेथे सांगाड्यास आवळली होती तो बोल्ट त्यांनी सोडविला. त्याखाली, वॉशरच्या पाठीशी, सांगाड्याच्या लोखंडावर गुळगुळीत, एकसारखा, कोठेही ओघळ नसलेला रंगाचा जाड थर होता. तीस वर्षांचा हात होता तो! दिवे, पंखा व शीतकपाट यांच्या परतीच्या तारा थेट बॅटरीसच जोडलेल्या असल्यामुळे खर्चाची वाट सताड मोकळी होती. जमेची तेवढी मेहुण्यांनी स्वहस्ते रंगवून काढली होती.

सभा निःशब्द झाली. क्वालिटीच्या साहेबांनी वही पुन्हा उघडली. सुभेदारसाहेबांनी पॉलिश पेपर मेहुण्यांच्या हाती दिला आणि बोल्टाभोवती रुपयाएवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासण्याचा हुकूम केला. शिवाय इतके दिवस अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार धरतात, तेव्हा आळंदीची एक फेरी मारून ती भरेल या भ्रमात न राहता तिला रात्रभर चार्जरवर ठेवा, असेही बजावले. मेहुणे खाली बसले. स्वतःच्या हाताचा रंग खरवडताना त्यांना झालेले क्लेश पाहवत नव्हते. लोखंड उघडे पडले, बोल्ट आवळला, इंजिन पुन्हा सुरू झाले आणि मल्टीमीटरवरचा आकडा संथपणे तेराच्या पुढे सरकू लागला.

“आता ह्याला गंज धरेल,” मेहुणे म्हणाले.

“व्हॅसलिन लावा वरून.”

मेहुण्यांनी बोल्टाकडे बराच वेळ पाहिले आणि अत्यंत आर्जवाने विचारले, “सुभेदारसाहेब, नुसता प्रायमरचा एक पातळ हात दिला तर?”