डिकीत जागा नाही, हे मान्य

प्रति,
शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याहून अलिबाग, काशीद, मुरुड, दिवेआगरकडे निघणारे समस्त मोटारमालक,



आपल्या डिकीत जागा नाही, हे आम्हाला मान्य आहे. जाताना फुगवायचा राजहंस, स्पीकर आणि बर्फाची पेटी. येताना सुकट, पापलेट आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा. त्यात पाण्याचा कॅन, टॉर्च आणि दोरी कुठे कोंबणार? कंपनीने दिलेला लाल त्रिकोण तेवढा आहे, पण त्याचे प्लास्टिक अजून फाडलेले नाही, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिकटपट्टीचा डिंक केव्हाच वाळला. शिवाय २०२० पासून केंद्र सरकारही आपल्याच बाजूचे: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे साहित्य असेल, तर छोट्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. यातला ‘साहित्य असेल तर’ एवढाच भाग आपण मोठ्या मनाने सोडून दिलात.

‘मोबाइल आहे ना’ हा आपला बिनतोड मुद्दा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा त्याची परीक्षा झाली. विजेचे खांब आडवे झाले, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर मुके झाले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. वीज, फोन आणि पैसे या आपल्याला तीन वेगळ्या सोयी वाटतात. प्रत्यक्षात पहिली गेली की उरलेल्या दोन तिच्या मागोमाग जातात. टॉवर बंद म्हणजे नकाशा बंद, क्रेनवाला बंद आणि यूपीआयही बंद. अशा वेळी पाकिटातल्या पाचशेच्या दोन नोटा फोनपेक्षा जास्त बोलतात.

‘दोन-तीन तासांचा तर रस्ता, मदत येईलच.’ येते, पण तिलाही त्याच रस्त्याने यावे लागते. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा छोटा पूल कोसळला आणि अलिबाग-मुरुड रस्ता तुटला. त्याच महिन्यात, २२ तारखेला, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. महाडला पुराचा वेढा असल्याने बचावपथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. जिथे अख्ख्या गावाला रात्रभर वाट पाहावी लागली, तिथे आपल्या एका गाडीसाठी कोण धावणार?

यावर एक आक्षेप खराच गंभीर आहे, तिथे थट्टा पुरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट गेल्या. डिकीतल्या टॉर्चने त्यांचे काय झाले असते? काहीही नाही. पण पुढे पूल नाही, हे मागून येणाऱ्याला अंधारात, पावसात सांगायला हातात दिवा आणि रस्त्यावर त्रिकोणच लागतो. हे सामान जलप्रलयावर मात करण्यासाठी नाहीच. अडकून पडलेले तास निभावण्यासाठी आणि दुसऱ्याला सावध करण्यासाठी आहे.

राहता राहिले ‘गाववाले’. किनाऱ्यावर वाळूत रुतलेली आपली गाडी भरतीआधी ओढायला त्यांचा ट्रॅक्टर येतो, याबद्दल दुमत नाही. मात्र पुराच्या दिवशी त्यांच्याच घरात पाणी शिरलेले असते. त्या दिवशी त्यांच्याकडे प्यायचे पाणी मागायला जाऊ नये, एवढी तरी पाहुण्याची रीत असावी.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी राजहंसातली हवा काढा आणि त्या जागेत पाच लिटर पाणी, चालू सेलची टॉर्च, दोरी, रोजची औषधे आणि थोडे शेंगदाणे-गूळ ठेवा. त्रिकोणाचे प्लास्टिकही घरीच फाडा. भर पावसात ते फाटत नाही.