आपला नेत्रावळकर

अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात माझाही थोडा वाटा आहे. 6 जून 2024 च्या रात्री डॅलसजवळच्या मैदानावर अमेरिकेने क्रिकेटमध्ये पाकिस्तानला हरवलं, त्याच्या आधीच रत्नागिरीतल्या आमच्या पडवीतून मी त्यांच्या गोलंदाज सौरभ नेत्रावळकरला ‘आपला’ म्हणून जाहीर केलं होतं. पुरावा? आडनाव. पोरगा मुंबईचा असला म्हणून काय झालं, नेत्रावळी गोव्यातल्या सांगे तालुक्यात, म्हणजे कोकणपट्टीतच. वाडेकर, वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर, आगरकर ही क्रिकेटपटूंची नावं की एसटी स्टँडवरची पाटी, असा प्रश्न ज्याला पडत नाही तो रत्नागिरीकर नव्हे.

सामना रात्री नऊला. पडवीत जमलेल्या चौघांना मी सुनावलं, “अमेरिकेला क्रिकेट नवं नाही. पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1844 साली न्यूयॉर्कला झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा.” हे ज्ञान मला जेवणाच्या जरा आधी प्राप्त झालं होतं, पण चेहरा असा ठेवला की ते आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलंय. मग 1980 काढलं. लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी बर्फावरच्या हॉकीत बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 असं हरवलं होतं. अमेरिकन माणूस अजून त्याला चमत्कार म्हणतो. “आज तसंच होणार. बर्फावरचा चमत्कार!”

शेजारच्या भाऊंनी शांतपणे विचारलं, “बर्फ कुठला? मिरकरवाड्याच्या मासळीचा?”

अमेरिकेत आपलं कोण गेलं, हा विषय निघाला की मला हापूस आठवतो आणि मग मला आवरणं कठीण. हापूसला अमेरिकेचं दार 2007 साली उघडलं. बदल्यात आपण त्यांच्या हार्ले डेव्हिडसन मोटरसायकली आत घेतल्या. म्हणजे एका बाजूला देवगड-रत्नागिरीची पेटी आणि दुसऱ्या बाजूला फटफटी! पण अपमान पुढेच आहे. अमेरिकेला जायचं तर आंब्याने अंगावर गामा किरण घ्यायचे, कोयीतल्या किड्याची पैदास थांबली पाहिजे. आणि तेव्हा ते किरण मिळायचे कुठे? लासलगावला! आमच्या आंब्याने कांद्याच्या गावी जाऊन शुद्ध होऊन यायचं! कुणाच्या घरी मुलगी दाखवायला न्यावी आणि वाटेत शेजारणीने तिची वेणी घालावी, तसं हे. हे मी लग्नांत सांगितलंय, बाराव्याला सांगितलंय...

“अहो, मॅच बघा,” आतून आवाज आला.

पाकिस्तान 159. अमेरिकेला शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. नितीश कुमारने चौकार मारला आणि बरोबरी झाली. (हा नितीश कुमार बिहारचा नव्हे, पण लोकसभेच्या निकालानंतरच्या त्या आठवड्यात या नावाशिवाय बहुमताची कुठलीच चर्चा होत नव्हती.) सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने 18 केल्या. आता चेंडू कुणाकडे? आपल्या नेत्रावळकरकडे. तो धावायला लागला आणि लाईट गेली.

मृग तोंडावर आला की आमच्याकडे ढग गडगडायच्या आधी लाईट जाते. “आम्हाला इन्व्हर्टर नको, आम्ही निसर्गात राहतो,” हे गेल्याच महिन्यात मीच ठणकावून सांगितलं होतं. भाऊंनी अंधारात त्याची आठवण करून दिली.

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन. “बाबा, लाईट गेली ना? ऐका.” तो बोलत गेला. चेंडू कुठे पडला, फलंदाज कुठे सरकला, डावखुऱ्याने कोन का बदलला. शेवटच्या चेंडूवर सात हव्या होत्या, एकच निघाली. पाकिस्तान 13. पडवीत जल्लोष झाला. मी मात्र ऐकत होतो की हा पोरगा इतकं कसं पाहतो.

तोही डावखुरा. मारुती मंदिरच्या स्टेडियमवर टाकायचा. दहावीच्या वर्षी मी म्हटलं, “क्रिकेट किंवा दहावी.” चेंडू माळ्यावर गेला, पोरगा हिंजवडीला.

दुसऱ्या दिवशी मी, एका आदर्श पालकाने, त्याला मेसेज पाठवला: नेत्रावळकर 2010 साली भारताकडून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मुंबईकडून त्याला एकच रणजी सामना मिळाला, मग कॉर्नेलला शिकला, ओरॅकलमध्ये नोकरी करतो. बघ, इंजिनिअर असूनही खेळतो!

उत्तर आलं: “बाबा, त्याच्यासाठी ‘असूनही’. मला ‘किंवा’ म्हणाला होतात.”

यावर माझ्याकडे 1844 सालचं काहीच नव्हतं. आम्ही पोरांना गाव सोडायला लावतो, पोरं लांब जाऊन मोठी झाली की आडनावावरून हक्क सांगतो. हापूसला निदान पेटीवर गावाचं नाव तरी मिळतं.

माळ्यावरून चेंडू काढला. कातडं काळवंडलंय, शिवण अजून घट्ट आहे. मोसमातल्या शेवटच्या पेटीत, पेंढ्यात आंब्यांच्या मधोमध ठेवून तो पुण्याला पाठवला. लासलगावमार्गे नाही, थेट. आंबे गोड निघाल्याचा फोन आला. चेंडूबद्दल तो काही बोललेला नाही, मीही विचारलेलं नाही.