थर्माकोल जरा वर धर

सॅम्पल फ्लॅटला आतून दारं नसतात. दार म्हटलं की ते उघडायला जागा लागते, आणि ती जागा बिल्डरने आधीच डबल बेडला दिलेली असते. बेडही असा, की पाय पसरायचे तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी. ही माहिती मला मेव्हण्यामुळे. मेव्हणा सिनेमाचा कॅमेरामन आहे, हल्ली डीओपी म्हणायचं. दोन सिनेमांच्या मधल्या काळात, म्हणजे जवळजवळ कायमच, तो हिंजवडीच्या आसपासच्या स्कीमचे व्हिडिओ करतो. लाइटदादाचे पैसे वाचावेत म्हणून थर्माकोल धरायला मला नेतो.

कोपऱ्यात पाठ चिकटवून तो उभा राहतो, कॅमेरा छातीच्या उंचीवर, लेन्स सोळा एमएमची. ही लेन्स जवळचं फुगवते आणि लांबचं आणखी लांब ढकलते. दहा बाय दहाच्या बेडरूमची समोरची भिंत थेट मुळशी धरणापर्यंत जाते. ‘हायवेपासून पाच मिनिटं’ हे पाप मात्र त्याचं नाही, ते संकलकाचं.

मनातून तो कुढतो. त्याचं दैवत व्ही. के. मूर्ती. ‘कागज के फूल’ (1959) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात स्टुडिओच्या अंधारात वरून उन्हाचा जो झोत उतरतो, तो मूर्तींनी आरसे लावून, बाहेरचं खरं ऊन वळवून आत आणलेला. सॅम्पल फ्लॅटमध्येही आरसे असतात, पण ते ऊन नाही, दुसरा हॉल आत आणतात.

‘अपराजितो’चं (1956) तर तो डबा खातानाही सांगतो. काशीतल्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेलं. सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचा उजेड त्यावर मारून खाली परतवला, आणि बघणाऱ्याला वाटलं आभाळच उघडं आहे. “मग तुझं काय वेगळं आहे?” मी विचारलं.

“त्या घराचे हप्ते कुणी भरत नव्हतं. थर्माकोल जरा वर धर.”

सेल्स ऑफिसात गिऱ्हाइकांची हॉट, वॉर्म आणि कोल्ड अशी विभागणी असते. मेव्हण्याची विभागणी वेगळी. टेपवाले काका क्लोजअपचे. रेरामुळे बिल्डरला कार्पेट एरिया सांगावाच लागतो, पण काकांचा विश्वास स्वतःच्या टेपवर. ते खिडकीच्या कट्ट्यापासून मोजायला लागतात आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात देतात. होकायंत्रवाले घराकडे बघतच नाहीत, फोनकडे बघतात आणि ईशान्येला संडास निघाला की चपला घालतात. गुंतवणूकवाला लिफ्टमधून वर येतच नाही, त्याला खाली रेट सांगितला की पुरे. आणि रविवारची जोडपी! बुकिंग करत नाहीत, कोल्ड कॉफी सोडत नाहीत, सोफ्यावर सेल्फी काढतात. माझ्या मते इथे येऊन सुखी होणारी तेवढीच.

एकदा शूटिंग चालू असताना एक आजी-आजोबा आले. मुलगा कॅलिफोर्नियात, पैसे त्याचे, पसंतीही त्याचीच. आजोबांनी व्हिडिओ कॉल लावून त्याला घर दाखवायला घेतलं. अर्धा पडदा त्यांच्या अंगठ्याने व्यापलेला. आधी छत दिसलं, मग स्वतःचं नाक, मग बराच वेळ फरशी. सेल्सची मुलगी हसतमुखाने फोन गार्डनकडे वळवू बघत होती.

“अहो, तो खिडकीखालचा डीपी दाखवा त्याला,” आजी म्हणाल्या. “आणि ओढा. वासाचं तोंडी सांगा.”

आजोबांनी हात बाहेर काढला. डीपी दिसला, ओढा दिसला, ओढ्याकाठची डुकरं दिसली. शेजारची अर्धवट इमारत तर इतकी जवळून दिसली की तिथल्या गवंड्याने मुलाला हात केला. ही सगळी बाजू मेव्हण्याने सकाळपासून पडदे सोडून मोठ्या शिताफीने टाळली होती.

इतकी हलती फ्रेम त्याला बघवेना. “द्या काका, मी धरतो,” म्हणत तो पुढे झाला.

आजोबांनी फोन छातीशी धरला. “नको रे बाबा. तू धरलास की घर चांगलं दिसतं.”