गाडी बसकी, स्पीडब्रेकर उंच

काकू, नाना काल भर उन्हात रस्त्यावर उकिडवे बसून काय करत होते, माहितीये का तुम्हाला? आपल्या गल्लीतला नवा स्पीडब्रेकर मोजत होते! हातात टेप, लाकडी पट्टी आणि लेव्हल. पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले तरी सवय जाते थोडीच! पट्टी आडवी ठेवली, लेव्हलमधला बुडबुडा बरोबर मधोमध आणला, टोकाला टेप उभी धरली आणि मला हाक मारली, "ये गं, आकडा वाच. चष्मा घरी राहिलाय." वाचते तर काय, पंधरा सेंटिमीटर! नाना म्हणाले, नियमात उंची दहा आणि रुंदी तीन मीटर सत्तर, म्हणजे चाक हळूहळू चढावं आणि हळूहळू उतरावं. आपला जेमतेम दोन फूट रुंद. माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटीच्या पोटाखाली जागा साडेसोळा, तीसुद्धा गाडी रिकामी असताना. चौघं बसली की गाडी दबते, मग खर्रर्र. तुम्हाला रोज सकाळी जो आवाज येतो ना, तो हाच. एकटी असले की तिरकी घालून काढते. मागून दूधवाला येत असला तर तेही जमत नाही.

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना काय त्याचं? त्यांची ती भलीमोठी एसयूव्ही. स्पीडब्रेकर आहे हे तिला कळतही नसेल. पण काकू, तुम्ही बघितलंत का, ती त्यांच्या गेटमध्ये मावत नाही! मागचा भाग अर्धा हात रस्त्यावर. रात्री त्यावर लाल पट्टी चिकटवून झोपतात. माझी बघा, ३,९७१ मिलिमीटर. गेट लावून वर तुळशीला प्रदक्षिणा घालायला जागा उरते. आणि हे माप उगाच नाही हं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीच्या आत असलं की आपल्याकडे कर कमी लागतो. म्हणून सगळ्या कंपन्या गाड्या तेवढ्यातच बेततात. हिचं इंजिन ११९७ सीसी.

"मग ती फास्ट कशी गं? आमच्या भाच्याची जुनी स्विफ्टपण बाराशेचीच होती."

टर्बो, काकू. सायलेन्सरवाटे जो गरम धूर वाया जातो, त्यावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, की जोर वाढला. साध्या बाराशेच्या इंजिनाची ओढ असते एकशेतेरा-चौदा न्यूटन-मीटर, आणि ती पुरी मिळायला इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळवावं लागतं. हिची एकशे पंच्याहत्तर, आणि पंधराशे फेऱ्यांपासून हजर. म्हणजे पाय नुसता टेकवला की गाडी निघाली. ताकद १०५ पीएस, पण ते आकडे मुलं सांगतात. रोजच्या वापरात कामाला येते ती ही खालची ओढ.

आता तुम्ही म्हणाल, कर्वेनगर ते भोसरी जायला ओढ कशाला हवी? खरंय. त्या रस्त्यावर माझी गाडी आणि समोरची रिक्षा एकाच वेगाने जातात. परवा सिग्नलला एक पोरगा शेजारी येऊन उभा राहिला, मागे 'जीटी'ची अक्षरं बघून घूं घूं करायला लागला. मी रेडिओचा आवाज वाढवला. हिरवा झाला, तो सुसाट गेला, आणि पुढच्या सिग्नलला परत माझ्या शेजारी! खरं सांगू, मी पूर्वीच्या गाडीत जास्त चिडचिड करायची. नाशिक फाट्याला मुख्य रस्त्याला लागताना मागून कंटेनर येतोय, आपली गाडी उचलत नाहीये, मग हॉर्न, मग शिव्या. आता जागा दिसली की पाय द्यायचा आणि शिरायचं. शक्ती हाताशी आहे म्हटल्यावर ती दाखवावीशी वाटत नाही.

दाखवायची असली तर खंबाटकी आहेच की. माहेरी साताऱ्याला निघालं की जाताना घाट चढावा लागतो, बोगदा परतीला. दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत रांगत असतात, एकदाचा उजवा ट्रक बाजूला होतो आणि तेवढ्यात आपल्याला निघायचं असतं. पाय दाबला की गिअर आपोआप दोन पायऱ्या खाली येतो, पाठ सीटला टेकते, ट्रक आरशात. तुम्ही होतातच की त्या दिवशी.

"होते, आणि गुडघे छातीशी घेऊन बसले होते. नाना पुढे ऐसपैस. उतरताना तूच हात देऊन ओढलंस मला."

ते मात्र कबूल, काकू. मागची सीट दोन लेकरांची. डिक्की २८० लिटर, म्हणजे आठवड्याचा बाजार किंवा लग्नाच्या दोन बॅगा. आणि सस्पेन्शन कडक आहे, महापालिकेने खणलेला प्रत्येक चर कमरेला कळतो. पण दार लावून बघा एकदा, धप्प आवाज येतो. तो उगाच नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने इथली पोलो ठोकून बघितली. एअरबॅग नसलेलीला शून्य तारे, दोन एअरबॅगवालीला चार. त्यानंतर कंपनीने सगळ्याच पोलोंना एअरबॅग दिल्या. आमच्या घरात हे एकच वाक्य बोलून गाडी मंजूर करून घेतली मी.

गिअरबॉक्सचं मात्र कौतुक करावं आणि धाकही बाळगावा. डीएसजी म्हणतात त्याला. सात गिअर, दोन क्लच: एक क्लच एक-तीन-पाच-सात सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. एका गिअरात चालताना पुढचा आधीच तयार, म्हणून बदलल्याचं कळतसुद्धा नाही. पण हे क्लच कोरडे, तेलात बुडवलेले नाहीत. चाकणच्या चौकात इंच-इंच सरकत राहिलं की ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. मग मी काय करते, पुढच्याला एक गाडीभर जाऊ देते आणि मगच पाय उचलते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. क्लचचं बिल ते भरणार आहेत का? मोठा सिग्नल असला तर सरळ न्यूट्रल. आणि हसू नका, गाडी तयार झाली ती त्याच चाकणात फोक्सवॅगनच्या कारखान्यात, आणि तिला सगळ्यात त्रासाचा रस्ताही तोच!

पेट्रोलचं विचारू नका. कागदावर सतरा, शहरात मला दहा-अकरा. त्यातून आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जळण्याची ताकद साधारण एक तृतीयांश कमी, तेव्हा सरासरी थोडी घटणारच. माझी गाडी त्या मिश्रणाचे नियम यायच्या आधीची. म्हणून रबरी नळ्या सर्व्हिसिंगला मुद्दाम बघायला लावते. गॅरेजवाला "मॅडम, सगळं ओके" म्हणतो, मी "दाखव" म्हणते.

तर पोलो घ्यायची म्हणणाऱ्या तुमच्या हिंजवडीच्या भाच्याला एवढं सांगा. पोलो २०२२ला बंद झाली, म्हणजे मिळेल ती जुनीच. त्याला माझ्यासारखी चार सिलिंडरची आणि डीएसजीवाली हवी असेल तर २०२० पूर्वीची बघावी; त्यानंतरच्या जीटीत तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन आहे, ताकद उलट थोडी जास्त, ११० पीएस, आणि ऑटोमॅटिक वेगळ्या जातीचं, सहा गिअरचं. डोक्याला ताप नको असेल तर तीच बरी. जुनी घ्यायची तर सकाळी इंजिन थंड असताना जावं, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नये. चढावर रिव्हर्स घालून बघावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके बसले, तर नमस्कार करून परत यावं. सर्व्हिसचं पुस्तक नाही म्हणाला तरी परत यावं. गिअरबॉक्सच्या कामासाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत, आणि पोटाखाली वाकून खरचटलेलं कितपत आहे तेही बघावं.

आणि काकू, त्याच्या आईवडिलांचे गुडघे कसे आहेत ते विचारा आधी. दुखत असतील तर त्याने ही गाडी घेऊ नये.