कुंपणाच्या आतलं सोनं

घानातल्या ओबुआसीच्या जमिनीत सोनं आहे, हे तिथल्या माणसांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी ते लंडनला जाऊन कागदावर चढवलं नाही. ते पुण्यकर्म एडविन केड या साहेबांनी केलं. तिथे आधीच खोदकाम करणाऱ्या आफ्रिकी व्यापाऱ्यांकडून हक्क घेतले, 1897 मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली आणि शंभर चौरस मैल जमीन नव्वद वर्षांच्या पट्ट्याने पदरात पाडून घेतली. आदल्याच वर्षी इंग्रजांनी तिथल्या असांते लोकांचा राजा प्रेम्पेह याला धरून देशाबाहेर धाडलं होतं. घरधनी घरी नसला की करारमदार किती सुरळीत पार पडतात!

तेव्हापासून एकाच डोंगरात खणणाऱ्यांच्या दोन जाती झाल्या. पट्टा असलेला तो गुंतवणूकदार, नसलेला तो ‘गलामसे’. लहान खाणवाल्याला कायद्याने ओळख दिली ती 1989 साली. म्हणजे आता तोही परवाना काढू शकतो. फक्त त्याला सोनं असलेली जमीन हवी, आणि तसली जमीन बहुतेक कंपन्यांच्या पट्ट्यात गेलेली.

शिवाय ही गलामसे मंडळी पारा वापरतात, नद्या नासवतात. हे मात्र खरं आहे. प्रा नदीचं पाणी टपरीवरच्या चहासारखं झालंय. कंपन्या सायनाइड वापरतात, पण त्यांच्या सायनाइडला पर्यावरणाचा अहवाल जोडलेला असतो.

2014 च्या अखेरीस खाणीची मालक कंपनी अँग्लोगोल्ड अशांतीने ओबुआसीतलं भुयारी उत्पादन थांबवलं. हजारोंची नोकरी गेली. 2016 मध्ये पहाऱ्यावरचं लष्कर निघून गेलं, तशी गलामसेंची झुंबड कुंपणाच्या आत शिरली. कंपनीने दाद मागितली ती थेट वॉशिंग्टनच्या लवादाकडे: घाना सरकारने आमच्या खाणीची राखण केली नाही! देश घानाचा, सोनं घानाचं, आणि नुकसानभरपाईचा दावाही घानावरच. पुढे प्रकरण मिटलं, खाणही पुन्हा सुरू झाली.

गंमत म्हणजे घानाच्या सोन्याचा मोठा वाटा या लहान खाणवाल्यांच्याच हातून निघतो. सोनं वितळलं की त्याला कुणी परवाना विचारत नाही. घानातून भारतात येणाऱ्या मालात सोनंच सगळ्यात जास्त; आपणही दसऱ्याला सराफाकडे कॅरेटच विचारतो, खणणाऱ्याचं नाव नाही.

जानेवारी 2025 मध्ये ओबुआसीच्या त्याच खाणीत रात्री लष्कराच्या गोळीबारात किमान सात गलामसे मेले. लष्कर म्हणालं, त्यांच्याकडे बंदुका होत्या. खाणकामगारांची संघटना म्हणाली, नव्हत्या. राष्ट्राध्यक्ष महामांनी चौकशीचे आदेश दिले, आणि जखमींच्या उपचारांचा व मृतांच्या अंत्यविधीचा खर्च कंपनीने करावा असंही फर्मावलं. त्यासाठी मात्र कुणाकडे परवाना आहे का, हे बघायची गरज पडली नाही.