साधं की बाटलीचं?

लंडन-पॅरिस करून परतलेलं भोईवाड्यातलं जोडपं ओळखायला फोटो बघावे लागत नाहीत. तिथल्या हॉटेलात आपण 'टॅप वॉटर' कसं मागितलं, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतं. टॉवर ब्रिज आणि आयफेल टॉवर त्यानंतर. वेटरने फेसाळतं हवं की बिनफेसाचं असं विचारलं, दोन्हींचे पैसे पडणार हे यांनी हेरलं आणि नळाचं मागवलं. वर्णन असं रंगतं की ऐकणाऱ्याला पानिपतही आपणच जिंकलं असं वाटावं. खरं तर पराक्रम काहीच नाही. इंग्लंडात दारूचा परवाना असलेल्या हॉटेलाला, मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. फ्रान्समध्ये ते जेवणासोबतच येतं.

हेच जोडपं दादरला थाळी जेवायला बसतं. वेटर विचारतो, "पाणी साधं की बाटलीचं?" 'साधं' हा शब्द जिभेपर्यंत येतो आणि शेजारच्या टेबलाकडे बघून परत फिरतो. बाटली येते. म्हणजे नळाचं पाणी मागणं हे टेम्सकाठी चातुर्य आणि दादरला दारिद्र्य. यावर आक्षेप ठरलेला: तिकडचं पाणी शुद्ध, इकडच्या हॉटेलाची टाकी कोणी बघितली? मान्य, टाकी कोणीच बघितलेली नाही. पण काकडी त्याच टाकीच्या पाण्याने धुतली, ताक त्याच पाण्याने पातळ केलं, सोलकढीत तेच, ताट-वाटी-चमचा त्यातच विसळलेले. जंतूंना बहुधा फक्त पेल्यातून प्रवेश असतो. वाटीतून शिरणं त्यांच्या शिस्तीत बसत नसावं. बाटलीने पोट वाचत नाही, फक्त टाकी धुवा असं मालकाला सांगण्याचे कष्ट वाचतात.

दुसरा आक्षेप ऐपतीचा: आमचे पैसे, तुम्हाला काय? मग ही ऐपत लंडनला जाताना कुठे ठेवली होती? आणि शुद्ध पाणी हे साहेबाच्या रक्तातही नव्हतं. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाने पटकी पसरवली. 1859 मध्ये लंडनमध्ये पहिली फुकट सार्वजनिक पाणपोई उघडली आणि 1860 मध्ये विहार तलाव पूर्ण होऊन मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच वेळी शहाणी झाली. 1892 मध्ये तानसा तलावही आला. मुंबईत लोकांनी आई-बापांच्या नावाने दगडी प्याऊ बांधले, कोरीव घुमटांचे, वाटसरू आणि गुरं दोघांसाठी. त्यातले कितीतरी आज कोरडे आहेत. कोणी पोस्टर चिकटवतं, कोणी पिंक टाकतं. फुकट पाण्याची ज्यांना लाज वाटते, त्यांना कोरड्या प्याऊची वाटत नाही, आणि चीड येते ती इथे. कारण ऐपतवाल्यांनी नळाकडे पाठ फिरवली की नळासाठी भांडायला उरतो तो फक्त पहाटे हंडा लावणारा, आणि त्याचं कोण ऐकतं?

बाटलीचं पुढे काय होतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेलं पाणी पर्समधून घरी येतं, संपतं, मग तीच बाटली मोरीतल्या नळाखाली भरून फ्रिजच्या दारात उभी राहते. पाहुणे आले की त्यातलंच पाणी पेल्यात ओततात, लंडनच्या टॅप वॉटरची गोष्ट सांगता सांगता.